भावी काळाचा भार आणि आजचा तरुण : एक अधिकार-विचार

विषयप्रवेश

आजची तरुण पिढी उद्याचे नेतृत्व करण्यास सिद्ध आहे काय, हा प्रश्न सध्या सर्वत्र विचारला जातो. राजकारणात विचारला जातो, विद्यालयांतून त्यावर वक्तृत्वस्पर्धा होतात, आणि आपल्या पंथातही उत्सवाच्या निमित्ताने साधुसंत व वासनिक एकत्र आले म्हणजे निरूपण आटोपल्यावर गोष्ट हटकून या विषयावर येते. बहुधा प्रश्न विचारणाराच उत्तरही देऊन मोकळा होतो. वयाने वडील असलेला 'नाही' म्हणतो, तरुण 'होय' म्हणतो, आणि दोघेही आपापल्या बिऱ्हाडी जातात. ज्या प्रश्नाचे उत्तर, उत्तर देणाराच्या वयावरून आधीच सांगता येते, तो प्रश्न अद्याप नीट मांडला गेला नाही असे समजावे. यास्तव उत्तराकडे वळण्यापूर्वी प्रश्नातील पदांचा विचार करणे हेच शास्त्राभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.

पदविचार

प्रश्नात तीन पदे आहेत : नेतृत्व, भावी काळ आणि सिद्धता.

नेतृत्व या शब्दाचा लौकिक अर्थ पुढे होऊन इतरांस आपल्या मागे नेणे असा आहे. आपल्या ब्रह्मविद्याशास्त्रात या अर्थाला फारशी जागा नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न आहेत, आणि जीवाला अविद्याबंधातून सोडविण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराच्या ठायी आहे, असा सर्वज्ञांचा सिद्धांत आहे. तेव्हा एक बद्ध जीव दुसऱ्या बद्ध जीवास स्वतःच्या बळावर पैलतीरी नेतो ही भाषाच आपल्याकडे संभवत नाही. आचार्य कितीही थोर असो, तो बोधाचा उगम नव्हे. आलेला बोध न गढुळता पुढे पोहोचविणारा तो पाट आहे. म्हणूनच आपल्या मार्गात दीक्षेला 'अनुसरण' असा शब्द आहे. जो सर्वांच्या पुढे उभा दिसतो तोही कोणाच्या तरी मागून चालत असतो. ही दृष्टी ठेवली म्हणजे नेतृत्वाच्या प्रश्नातील अर्धी चढाओढ आपोआप गळून पडते.

भावी काळ म्हणजे जो कोणालाच ठाऊक नाही तो. हे उघड सत्य आपण विसरतो. तरुणांना उद्यासाठी तयार करावे असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा आपलाच आज किंवा आपलाच काल असतो.

सिद्धता हे पद सर्वांत अवघड आहे. राज्यव्यवस्थेने ते वयावर ठेवले आहे. १९८९ साली घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. लोकसभेची उमेदवारी २५व्या वर्षी करता येते, राज्यसभेची ३०व्या वर्षी. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, कारण कोट्यवधी लोकांची परीक्षा एकेकट्याने घेणे त्याला शक्य नाही. परंतु शास्त्राला तशी अडचण नाही. शास्त्र वय पाहत नाही, अधिकार पाहते. आणि अधिकार हा प्रत्येक जीवाचा निराळा असतो. म्हणून 'तरुण पिढी सिद्ध आहे काय' हा प्रश्न शास्त्राच्या भाषेत 'अधिकार कसा येतो, आणि तो येण्यासाठी कोणी काय करावे लागते' असा होतो. प्रस्तुत लेखात याच स्वरूपात त्याचा विचार करावयाचा आहे.

पूर्वपक्ष

या विषयात पूर्वपक्ष एक नसून दोन आहेत.

पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. ते म्हणतात : आजच्या तरुणाच्या ठायी स्थैर्य नाही. हातातील यंत्रावर त्याला क्षणात सर्व काही मिळते, म्हणून पाठांतराचे कष्ट त्याला नकोसे वाटतात. सूत्रपाठाचे एक प्रकरण कंठस्थ करण्याऐवजी तो त्याचे छायाचित्र काढून ठेवतो. प्रश्न विचारतो, पण उत्तर ऐकण्याइतका वेळ थांबत नाही. सेवेचा कंटाळा आणि मानाची हौस, अशी त्याची स्थिती आहे. अशाच्या हाती मार्ग कसा सोपवावा?

दुसरा पक्ष तरुणांचा व त्यांच्या कैवाऱ्यांचा. ते म्हणतात : आमच्याजवळ जी साधने व जी माहिती आहे ती मागील कोणत्याही पिढीजवळ नव्हती. शंभर पोथ्या तुम्ही पेटीत कुलूप लावून ठेवल्या आणि त्यांतील काहींना वाळवी लागली. आम्ही त्या एका दिवसात चित्रबद्ध करून जगभर पाहता येतील अशा करू शकतो. तुम्ही आम्हाला अपात्र म्हणता, परंतु पात्रता दाखविण्याची संधी कधी दिली? सतरंज्या घालणे, पंगती वाढणे आणि गाड्या चालविणे याखेरीज कोणते काम आमच्याकडे आले?

दोन्ही पक्षांत तथ्यांश आहे, आणि दोन्ही पक्षांत एकच दोष आहे. दोघेही सिद्धता ही तरुणाच्या अंगी असलेली किंवा नसलेली एखादी वस्तू समजतात, जशी एखाद्याच्या गाठीला रक्कम असावी किंवा नसावी. वस्तुतः सिद्धता ही देणारा व घेणारा या दोघांमध्ये घडणारी क्रिया आहे. तिचा अर्धा भाग तरुणाकडे शोधावा लागतो, अर्धा वडिलांकडे.

भारतातील तीन तरुण

हे स्पष्ट होण्यासाठी भारतकथेतील तीन प्रसंग घेऊ. श्रीकृष्णचक्रवर्तींच्या लीळांशी ते निगडित असल्याने आपल्या वाचकांस परिचित आहेत. येथे केवळ सिद्धतेच्या दृष्टीने त्यांकडे पाहावयाचे आहे.

पहिला विराटपुत्र उत्तर. कौरवांनी गाई वळविल्या तेव्हा बाप दुसऱ्या दिशेच्या लढाईवर गेलेला. उत्तराने अंतःपुरात स्त्रियांपुढे पराक्रमाच्या गोष्टी केल्या, आणि कौरवसेना दृष्टीस पडताच रथातून उडी टाकून पळ काढला. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने त्याला धावत जाऊन धरले. येथे अर्जुनाने जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने उत्तराची निर्भर्त्सना करून त्याला घरी पाठविले नाही. तसेच 'तू क्षत्रिय आहेस, लढ' म्हणून त्याला पुढेही ढकलले नाही. स्वतः धनुष्य घेतले आणि लगाम त्याच्या हाती दिले. म्हणजे रणातून त्याची सुटका केली नाही, केवळ त्याच्या बळाला पेलेल एवढे काम त्याला दिले. ते त्याने नीट पार पाडले. पुढे कुरुक्षेत्री युद्धाच्या पहिल्याच दिवशी हाच उत्तर शल्याशी लढताना पडला. पळून जाणारा मुलगा पुढच्या प्रसंगी उभा राहिला, आणि त्या दोन प्रसंगांच्या मध्ये लगाम धरण्याचा एक दिवस होता.

दुसरा अभिमन्यू. याच्या ठायी शौर्याची उणीव नव्हती, विद्या मात्र अर्धी होती. चक्रव्यूहात शिरावे कसे हे तो जाणत होता, बाहेर पडावे कसे हे जाणत नव्हता, आणि ही गोष्ट त्याने वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगितली होती. 'तू वाट फोड, आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो' असे आश्वासन त्याला मिळाले. जयद्रथाने वाट अडविली आणि आश्वासन देणारे बाहेर राहिले. या प्रसंगी अभिमन्यू सिद्ध नव्हता असे कोणी म्हणेल. परंतु त्याने आपल्या सिद्धतेची मर्यादा आधी सांगितली होती; जी गोष्ट सिद्ध नव्हती ती मागच्यांची सोबत होय. आज ज्यांस 'तुम्हीच आता सर्व पाहा' असे म्हणून आपण मोकळे होतो, त्यांच्या पाठीशी आपण कोठवर जाणार आहोत, हा प्रश्न अभिमन्यूच्या कथेने वडीलधाऱ्यांपुढे कायमचा ठेवला आहे.

तिसरा स्वतः अर्जुन. वय, विद्या, शस्त्र, अनुभव, कीर्ती, सर्व काही होते. तरीही दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहिल्यावर त्याच्या हातून धनुष्य गळाले. याचा अर्थ असा की कौशल्याची परिपूर्णता म्हणजे सिद्धता नव्हे. भगवंतांनी त्याला निरूपण केले, त्याच्या शंका एकामागून एक येऊ दिल्या, कोठेही प्रश्नाबद्दल त्याला दटावून गप्प केले नाही. आणि सर्व सांगून झाल्यावर अखेरीस, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, अशा आशयाचे वचन उच्चारले. साक्षात परमेश्वर अवतार समोर असताना निर्णयाचा भार जीवावरच ठेवला गेला. आपण तर सामान्य जीव. आपण शिष्याच्या वतीने त्याचा निर्णय घेऊन टाकतो, त्यास शिस्त म्हणतो, आणि मग त्याला निर्णय घेता येत नाही म्हणून खंत करतो.

पंथेतिहासाची साक्ष

आता आपल्याच पूर्वपरंपरेकडे वळू. इ. स. १२७४च्या सुमारास सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन झाले. सन्निधान सरले, असन्निधानाचा काळ सुरू झाला. मागे राहिलेला शिष्यपरिवार शोकाने विकल होता. त्या क्षणी 'तुम्ही सिद्ध आहात काय' असे त्यांना कोणी विचारले असते तर कोणाच्या मुखातून 'होय' आले असते? आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यही त्या क्षणी नेतृत्वाची भाषा बोलत नव्हते. ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. सुमारे बारा-चौदा वर्षे ही सेवा चालली, आणि श्रीप्रभूंच्या देहावसानानंतरच मार्गाचा संपूर्ण भार त्यांच्यावर आला. म्हणजे आपल्या पहिल्या आचार्यांची घडणही सेवेतून, वियोगातून व स्मरणातून झाली. ती एका दिवसात झाली नाही.

याच काळात रिद्धपूर येथे पंडित म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे कार्य आरंभिले. नागदेवाचार्य एकांतात सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत. ते मनन एका देहाबरोबर लोपू नये, मागाहून येणाऱ्यांस ते उपलब्ध व्हावे, या हेतूने म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन लीळा मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली व त्या ग्रथित केल्या. ज्या पिढीने सन्निधान अनुभवले तिने ज्या पिढीला ते कधीच लाभणार नव्हते तिच्यासाठी केलेली ही तरतूद आहे. पुढे केशिराजबासांनी त्यातूनच सूत्रे व दृष्टांत निवडून अभ्यासाला सोयीचे पाठ सिद्ध केले.

या सर्वांत भाषेचा निर्णय फार मोलाचा होता. केशिराजबास संस्कृतचे जाणते पंडित. त्यांची रत्नमालास्तोत्रासारखी रचना संस्कृतात आहे. तरीही नागदेवाचार्यांनी शास्त्र मराठीतच राहावे असा आग्रह धरला, कारण संस्कृतात गेले तर साध्यासुध्या स्त्रियांना व वृद्धांना ते अंतरेल अशी त्यांची चिंता होती. घेणाऱ्याने वर चढून यावे असे न म्हणता देणाऱ्याने खाली उतरावे, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

आणि मग ती परीक्षा आली जिची कोणाला कल्पना नव्हती. नागदेवाचार्यांच्या नंतरच्या काळात दिल्लीच्या सैन्याच्या स्वाऱ्यांनी महाराष्ट्रात जी धामधूम उडाली, तीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली असे परंपरा सांगते. 'खालशाची धाड' म्हणून तो प्रसंग आपल्याकडे ओळखला जातो. पोथी गेली तेव्हा उरले ते लोकांच्या कंठात असलेले. हिराइसेच्या मुखोद्गत पाठाच्या आधारे व इतर जाणत्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले. हिराइसेने पाठांतर केले ते पोथी जळेल किंवा लुटली जाईल म्हणून नव्हे. तिने ते स्मरणासाठी, भक्तीसाठी केले. ज्या प्रसंगासाठी ती उपयोगी पडली त्या प्रसंगासाठी तिला कोणी 'तयार' केलेले नव्हते. यावरून एक सिद्धांत निघतो : भावी काळाची तयारी भावी काळ ओळखून होत नसते. जे आज खरे व आवश्यक आहे ते पूर्णपणे अंगी मुरवावे, म्हणजे उद्या जे येईल त्याला ते उपयोगी पडते. उद्या काय येईल याचे आडाखे बांधून दिलेले शिक्षण बहुधा त्या आडाख्यांबरोबरच शिळे होते.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडली. निरनिराळ्या लोकांच्या स्मरणात फरक निघाला. हिराइसेचा पाठ एक, परशरामबासांचा एक, रामेश्वरबासांचा एक. त्या वेळच्या धुरीणांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. पोथ्यांतून 'वासना' म्हणून पाठभेद नोंदले, कोणाच्या मुखातून काय आले ते सांगितले, आणि निवड मागाहून येणाऱ्या अभ्यासकावर सोपविली. आपल्याजवळ असलेल्या ज्ञानाची अपूर्णताही प्रामाणिकपणे पुढील पिढीच्या हाती देणे, हे नेतृत्वाचे अत्यंत कठीण लक्षण त्या लोकांनी पाळले. पुढे तेरा आम्नाय झाले, मतभेद झाले. तरी पाठभेदाची ती नोंद टिकली आणि आजही शास्त्राभ्यासाला आधारभूत आहे.

दृष्टांत

कोणीएक शेतकरी होता. त्याचा पुत्र लहानपणापासून त्याच्याबरोबर शेतात जाई. ढेकळे फोडी, काडीकचरा वेची, बैलांना चारापाणी करी. मृग लागला की बाप तिफण जुंपी आणि चाड्यावर मूठ स्वतः धरी. पुत्र मागून चाले. तो म्हणे, 'बाबा, एक तास मी पेरू द्या.' बाप म्हणे, 'मूठ चुकली तर वर्ष बुडते. तुझा हात अजून बसलेला नाही.' असे करता वीस वर्षे गेली. एका वर्षी ऐन मृगात बाप तापाने अंथरुणाला खिळला. वाफसा तर कोणासाठी थांबत नाही. पुत्राने तिफण जुंपली. कोठे बी दाट पडले, कोठे तासच्या तास रिकामे गेले. पीक उगवल्यावर बापाने बांधावरून पाहिले आणि म्हणाला, 'मी म्हणत नव्हतो? याचा हात बसलेला नाही.'

शेजारी दुसरा शेतकरी होता. त्याने पुत्राला दहाव्या वर्षी बांधाकडचे दोन तास दिले. ते वाकडेतिकडे उगवले. बापाने ते मोडले नाहीत. पीक निघेपर्यंत तसेच राहू दिले आणि रोज त्याच वाटेने मुलाला घेऊन गेला. पुढल्या वर्षी चार तास दिले. जेव्हा वेळ आली तेव्हा त्या पुत्राने सारे वावर पेरले.

दार्ष्टांतिक

शेत हा मार्ग. बी हे शास्त्र. मूठ म्हणजे निरूपणाचा व निर्णयाचा अधिकार. पहिल्या बापाचे म्हणणे खोटे नव्हते. मुलाचा हात खरोखरीच बसलेला नव्हता. परंतु हात न बसण्याचे कारण त्याने स्वतःच निर्माण केले आणि परिणामाकडे बोट दाखवून आपले मत सिद्ध झाले असे मानले. दुसऱ्या बापाने मुलावर आंधळा विश्वास टाकला नाही. वर्ष बुडणार नाही एवढाच तुकडा त्याने दिला, चूक लपविली नाही, आणि चुकीचे पीक डोळ्यांदेखत वाढू दिले.

एक आक्षेप व त्याचे समाधान

यावर कोणी विचारील : पेरणी चुकली तर एक वर्षाचे धान्य जाते, निरूपण चुकले तर एखाद्या जीवाची वाटच चुकते. शिकणाराच्या चुकीची किंमत तिसऱ्याने का द्यावी?

हा आक्षेप गंभीर आहे, आणि तरुणांच्या कैवाऱ्यांनी तो उडवून लावू नये. कोणालाही कसेही बोलू द्यावे असा याचा अर्थ नव्हेच. अभिमन्यूच्या बाबतीत चूक झाली ती येथेच : ज्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते असे काम अर्ध्या विद्येवर सोपविले गेले. म्हणून उपाय दोन टोकांच्या मध्ये आहे. कामे लहानमोठी करावीत. चुकीची किंमत जेथे थोडी आहे तेथून आरंभ करावा. आणि वडिलांनी समोर बसावे. तरुण भिक्षुकाने निरूपण करावे आणि अधिकरणाने ते श्रोत्यांत बसून ऐकावे. चूक झाली तर सभेत अपमान न करता पण सभेलाही कळेल अशा रीतीने ती दुरुस्त करावी. असे केले म्हणजे श्रोत्याचे नुकसान होत नाही, आणि वक्त्याचा हात बसतो. उलट मुळीच मूठ न दिल्यास किंमत वाचते असे नाही. ती केवळ पुढे ढकलली जाते आणि मग एकदम सर्व शेताला द्यावी लागते.

वर्तमान स्थिती

आता आजच्या स्थितीकडे पाहू. बाह्य अनुकूलता पूर्वी कधी नव्हती एवढी आहे. एके काळी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी लिपींत बंदिस्त होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आदी विद्वानांनी आपले वाङ्मय लोकांपुढे आणले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. ज्या रिद्धपुरी लीळाचरित्र सिद्ध झाले तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. उद्या तेथे देशोदेशीचे अभ्यासक येतील व लीळाचरित्रातील शब्दाशब्दाचा अर्थ विचारतील. त्यांना उत्तर कोण देणार? ज्याला ग्रंथ पाठ आहे पण आजच्या भाषेत सांगता येत नाही तो, की ज्याला आजची भाषा येते पण ग्रंथाशी ज्याचा परिचय नाही तो? दोन्ही ज्याच्या ठायी आहेत असा तरुण घडविण्याचे काम विद्यापीठाचे नव्हे, ते आश्रमांचे आहे.

आणि आश्रमांत काय दिसते? तरुण साधक पहाटे उठतो, नित्यविधी करतो, सेवेत उणा पडत नाही. परंतु त्याने प्रश्न विचारला की 'आधी श्रद्धा ठेव' असे उत्तर अनेकदा मिळते. श्रद्धा आवश्यक आहे यात शंका नाही. पण प्रश्न हा अश्रद्धेचा पुरावा नव्हे. महदंबेच्या चर्चक वृत्तीचे सर्वज्ञांनी कौतुकच केले. तिने विचारले म्हणून कितीतरी गोष्टी आज आपणास उपलब्ध आहेत. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणे म्हणजे मागाहून येणाऱ्यांची लीळा बुडविणे होय.

दुसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे, तरी लिहिणे भाग आहे. नेतृत्व म्हणजे गादी, आणि गादी म्हणजे जमीनजुमला व विश्वस्तपद, अशी समजूत काही ठिकाणी रुजत आहे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमान्वये धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्ताचे नाव चढते. व्यवहारासाठी ती नोंद आवश्यकच आहे. परंतु त्या वहीत नाव चढल्याने विश्वस्त होता येते, अधिकारी होता येत नाही. अधिकाराची नोंद ठेवणारे कार्यालय अद्याप कोठे निघालेले नाही. तरुणांनी पाहिले की वडील माणसे शास्त्रासाठी क्वचित आणि जागेसाठी वारंवार भांडतात, तर त्यांनी काय शिकावे? नित्य अटन, वृक्षातळी वस्ती, भिक्षान्न, हे ज्या मार्गाचे आचार आहेत त्या मार्गात वारशाचा प्रश्न जागेचा असूच शकत नाही.

तरुणांच्या बाजूची उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पोथीचे छायाचित्र जवळ असणे आणि पोथी अंगी असणे यांत अंतर आहे. हिराइसेजवळ छायाचित्र असते आणि धाडीत तेही गेले असते, तर आज आपणाजवळ काय उरले असते? दुसरे, विजनाची सवय. आपल्या आचारात एकांतवासाला जे महत्त्व आहे ते उगाच नाही. ज्याला चार प्रहर स्वतःच्या संगतीत बसवत नाही, त्याला लोकांच्या संगतीत लोकांच्या मताविरुद्ध बसता येणार नाही. आणि आचार्याला तसा प्रसंग येतोच. तिसरे, दुरुस्ती सोसण्याचे बळ. स्वतःहून धाकट्याने दाखविलेली चूक जो शांतपणे स्वीकारतो त्याच्या हाती शास्त्र सुरक्षित राहते. या तीन कसोट्या वडिलांनाही लावून पाहाव्यात. तेथे वयाची सवलत नाही.

निर्णय

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. आजचा तरुण उद्याचा भार वाहण्यास सिद्ध आहे काय? सिद्ध नाही. परंतु उत्तरापंथे गमनाच्या दिवशी मागे राहिलेला शिष्यपरिवारही सिद्ध नव्हता, आणि आज जे वडील आहेत तेही त्यांच्या तारुण्यात नव्हते. असिद्धता हा या पिढीचा दोष नसून सर्व जीवांची आरंभस्थिती आहे. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच उरतो की या चातुर्मासात आपल्या आश्रमात, आपल्या घरी, कोणी कोणाला बांधाकडचे दोन तास दिले काय.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो. प्रत्येक आश्रमात आठवड्यातून एक निरूपण तरुण साधकाने किंवा तरुण तपस्विनीने करावे व ज्येष्ठांनी ते ऐकावे. महदंबा व हिराइसा यांच्या मार्गात तपस्विनींना निरूपणापासून दूर ठेवण्याचे काही कारण नाही. प्रत्येक तरुणाने निदान एक प्रकरण कंठस्थ करावे, आणि सकळ लिपीतील एक पोथी स्वतः वाचण्याइतका अभ्यास करावा. छायाचित्रे काढण्याचे त्याचे कौशल्य मग खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. वासनिकांनी मुलांना उपदेश देववताना त्यांना त्याचा अर्थ आजच्या बोलीत समजावून द्यावा. पंजाबात वा अन्य प्रांतांत राहणाऱ्यांनी तो त्यांच्या बोलीत द्यावा. शास्त्र मराठीत ठेवण्यामागे जो हेतू होता तोच येथेही आहे. संस्थेचा जमाखर्च तरुण वासनिकांच्या हाती द्यावा व तो सर्वांसमक्ष वाचला जावा.

आणि शेवटची सूचना वडीलधाऱ्यांसाठी. दिलेले काम परत हिसकावून घेऊ नये. तास वाकडे उगवतील. ते पीक निघेपर्यंत उभे राहू द्यावेत, आणि त्याच वाटेने रोज बरोबर चालावे. देणाऱ्याची खरी परीक्षा मूठ सोडताना होते. कारण त्या क्षणी शेत आपले नव्हते, आपण केवळ पेरणारे होतो, हे मान्य करावे लागते.